पहिल्या पुस्तकाची जागा

नामदेवच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनबाहेरच्या रद्दीच्या दुकानात उकिडवा बसून पुस्तकं उपसत होतो. “भावजी, ह्ये गेलं...” एवढंच त्या बोलल्या. हातातलं पुस्तक मी नामदेवला दाखवायला म्हणून नुकतंच बाजूला काढलं होतं. ते घ्यावं की खाली ठेवावं, काही सुचेना.

मांडवगण फराट्याचा नामदेव आणि खुटबावचा मी, कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं एकाच शिफ्टला होतो. मशीनची मॅन्युअलं डिक्शनरी घेऊन वाचता वाचता त्याला इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद लागला. त्यातही एकाच मालिकेचा. अंतराळयानं, ग्रह, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली युद्धं, लिहिणारे अनेक, आणि एकाही पुस्तकावर क्रमांक नाही. प्रवासी गाडीत विसरलेली, कुणी रेल्वे क्वार्टर सोडताना टाकलेली, अशी ती पुस्तकं दौंडच्या रद्दीत येत आणि येतील तशी तो वाचे. त्यामुळे झालं असं, की सगळ्यात आधी त्याच्या हाती लागलं त्या पुस्तकात यानाचा कप्तान मरतो. नामदेवला जेवण गोड लागेना. पुढं कधीतरी दुसरं मिळालं, तर त्यात कप्तान ठणठणीत. हे सांगताना कॅंटीनमध्ये तो इतका हसला, की सुपरवायझर बघायला आला. “रद्दीत गाव उलटं लागतंय गड्या. आधी मसनवाटा, मग घरं.”

मला मात्र तो सुरुवात करू देईना. कुठून वाचू, असं विचारलं की कावराबावरा व्हायचा. कथेतला काळ धरावा तर एक पुस्तक पहिलं, छापल्याचं साल धरावं तर दुसरंच, आणि त्याच्याकडे दोन्ही नव्हती. “थांब जरा. पयलं घावू दे. माझ्यावानी तुझं नगं व्हायला.” घरातल्या फळीवर डावीकडे त्याने पहिल्याची जागा राखून ठेवली होती. बाकीची पुस्तकं कलंडू नयेत म्हणून तिथं अर्धी वीट लावलेली. एक दिवस तू मला वीटच वाचायला देशील, असं मी चिडवायचो.

मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पुण्याला खेपा सुरू झाल्या. त्याच्या डोळ्यांदेखत ते पुस्तक सापडायला हवं, एवढंच डोक्यात. सुट्टी मिळाली की मी दौंड गाठायचो. शेवटचं भेटलो ते शिरूरच्या दवाखान्यात. सुजलेला हात माझ्या मनगटावर ठेवून त्याने विचारलं, “घावलं का?”

“न्हाई अजून.”

“घावलं की आधी मला दाव. पयलं हाय का न्हाई, मीच सांगनार.”

दहाव्यानंतर मी दौंडला बाजूला काढलेलं ते पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिलं. “हेच का पयलं?” त्या उठून विटेला हात घालायला गेल्या.

“ऱ्हाऊ द्या वहिनी,” मी घाईने म्हणालो. “खातरी त्यानं करायची हुती.”

वीट अजून तिथंच आहे. पुस्तक माझ्याकडे आहे आणि धास्तावल्यासारखं मी ते रोज थोडंच वाचतो. कप्तान अजून पोरसवदा आहे, पत्र्याची ट्रंक कुठं ठेवू म्हणून विचारत फिरतोय. त्याचं पुढं काय होणार, ते नामदेवने मला केव्हाच सांगून ठेवलंय.