वागिनेमबाईंचं ‘कशाला त्रास’

सोलो शहरात वागिनेमबाईंच्या हातचा नारळाच्या दुधातला भात न चाखलेला माणूस सापडणं कठीण. चाळीस वर्षं रोज उजाडता उजाडता त्या बाजारात बसल्या, केळीच्या पानावर भात, वर कोंबडी घालून लोकांची पोटं भरत राहिल्या. शहर सोडलं ते फक्त जवळच्या जोग्जाला, लग्नकार्यापुरतं. गुडघे बोलू लागले तेव्हा भाताची पाटी कायमची उतरवली. मुलगा कामाला सुराबायात. घरात त्या आणि सून रन्नू. रन्नूनं आपला जुना फोन त्यांच्या हाती दिला आणि त्यावर मुलखामुलखांतल्या स्वयंपाकाचे माहितीपट लावून दिले.

तेव्हापासून बाई घरात असून घरात नसायच्या. पडद्यावरच्या आचाऱ्याला दटावायच्या, आच कमी कर मेल्या, तळाला लागेल. पण एका माहितीपटानं त्यांना पुरतं घेरलं. समुद्रापलीकडच्या मकास्सरच्या बंदरावर एक म्हातारी चिंच-हळदीच्या रश्शात मासे सोडते आणि होड्यांवरून उतरलेले कोळी थेट तिच्या बाकावर येऊन बसतात. तो त्यांनी अकरा वेळा पाहिला. त्या बाकावर बसावं आणि दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं खावं, एवढी एकच इच्छा आता उरली होती.

रन्नू मूळची मकास्सरचीच. माहेरी भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सासूला आईची हाक मारून विचारलं, “इबू, येता का माझ्याबरोबर?”

बाईंना उडीच मारावीशी वाटली. तोंडून मात्र निघालं, “कशाला उगाच त्रास, पोरी.”

सोलोत हा नकार नव्हे. दोनदा आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा मान डोलवायची. रन्नूच्या माहेरी नको म्हणजे नको. तिनं आपलं एकटीचं विमानाचं तिकीट काढलं.

बाई दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिल्या. चार दिवस सुनेभोवती घुटमळल्या. मकास्सरला फार उकडतं का, असंही विचारून पाहिलं. भयंकर उकडतं, तुम्ही येत नाही तेच बरं, असं रन्नूनं प्रेमानं सांगितलं.

निघायच्या आदल्या सकाळी रन्नू बॅग भरत होती. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मला यायचंय.”

रन्नूच्या हातातली घडी तशीच राहिली. “मग नको का म्हणालात?”

“नको कुठं म्हटलं? कशाला त्रास म्हटलं. म्हणजे पुन्हा विचार.”

रन्नू मटकन खाली बसली. “अहो, दहा वर्षं मी तुम्हाला जेवताना ‘आणखी वाढू का’ एकदाच विचारतेय. दहा वर्षं अर्धपोटी उठताय?”

“छे गं. तू झोपलीस की स्वयंपाकघरात जाऊन खाते.”

दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग रन्नूनं तिथंच बसून तिकीट शोधलं. जागा उरली होती ती अगदी शेवटच्या रांगेतली, सुनेपासून लांब. चालेल का, म्हणून तिनं सावधपणे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बाई हो म्हणाल्या. आणि मग, कुणी काही न विचारताच, सुनेचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “उपकार झाले, पोरी.”