बर्फाची रेघ

कारध्याच्या पुलाजवळ चिंचेखाली मासे विकणारी ती बाई एवढ्या जोरात बोलते, की वैनगंगेतले मासे दबकत पलीकडच्या काठानं जातात. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारायला तिनं क्षणभर गप्प तरी बसायला हवं!

माशांवर बर्फ पसरताना तिचा हात थांबत नाही. एकदा मी नुकतंच वाचलेलं तिला सांगितलं. नव्या ताऱ्याभोवती वायू अन् धुळीची चकती फिरते. ताऱ्याजवळ पाण्याची वाफ होते. एका रेघेपलीकडे मात्र बर्फ टिकतो, धुळीच्या कणांवर बसतो, अन् तिथंच मोठाले ग्रह घडतात. तारा तापला-निवला की ती रेघही सरकते.

"हे तं माह्या टोपल्याचंच सांगून राहिले गुरुजी," ती म्हणाली.

तेवढ्यात एक मिशीवाला मोटारसायकल घेऊन आला. "ए बाई, उन्हात सरक न. माही गाडी तापून राहिली."

उन्हात बसली, तर दुपारपर्यंत तिचा सगळा माल सडणार होता. तिनं विळ्याच्या टोकानं सावलीच्या कडेला रेघ ओढली.

"बरफाची हद्द बरफच ठरवते. ताऱ्याचं तिथं चालत नाही, तुह्या मोटारसायकलचं काय चालते रे?"

तो गेला. त्याच्या मिशा, शपथेवर सांगतो, हनुवटीपर्यंत लोंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सावली तेवढीच, पण रेघ दोन हात पुढं उन्हात गेलेली! मी डोळे वटारले.

"काहून पाहून राहिले असे?" ती म्हणाली. "रेघ सरकते म्हणून तुमीच तं सांगतलं!"