मंगळवारी सुरू होणारा आवाज

गाडी लिफ्टवर चढली होती. मागच्या डिफरन्शियलखाली तेल धरायला ट्रे लावला होता आणि रामआसरेचा पाना पहिल्या बोल्टवर टेकला होता. जॉब कार्डवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘रिअर डिफरन्शियल नॉईज. ओपन करणे.’ खाली माझी सही.

‘मॅडम, खोल दूँ?’ रामआसरेनं विचारलं.

‘दोन मिनिटं थांबा ना,’ सायली म्हणाली. गाडी तिची.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसलेला दातेरी चाकांचा डबा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणं हे त्याचं काम. दाते झिजले की डबा गुणगुणायला लागतो. हे गुणगुणणं ऐकायचं काम मी तारापूर एमआयडीसीतल्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत तेवीस वर्षं केलं. आता बोईसरला वर्तकसाहेबांच्या गॅरेजमध्ये करते. लोक मला ‘आवाजवाल्या मॅडम’ म्हणतात. मला ते आवडतं, उगीच कशाला लपवू?

सायली राऊत केळव्याची, वाडीवाल्यांच्या घरातली. तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, चांगली तगडी परदेशी गाडी घेतली होती. रविवारी मनोरच्या पलीकडे एका मैदानावर ऑटोक्रॉस होतं. म्हणजे शंकू मांडून केलेल्या नागमोडी वाटेवरून एकेकानं घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. तिची ही पहिलीच स्पर्धा. आणि आज होता गुरुवार. डबा उघडला की पार्ट बाहेरून मागवायचा, म्हणजे तीन आठवडे गेले. रविवार तर गेलाच.

‘तक्रारी दोनच आहेत,’ सायली म्हणाली. ‘साठच्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज येतो. आणि वळणावर गाडीचं मागचं अंग निसटतं. पण मॅडम, एक विचारू? शनिवारी तुमच्याकडून गाडी नेली की तीन दिवस काहीच नसतं. मंगळवारनंतर सुरू होतं. तिन्ही वेळा असंच झालं.’

मी जरा ताठ झाले. तिन्ही वेळा गाडी गप्प झाली ती मी डिफरन्शियलचं तेल बदललं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते.

‘वंदनाताई,’ वर्तकसाहेब ऑफिसातून येत म्हणाले, ‘गिअरला वार कळतो का हो?’

रामआसरे खाली मान घालून हसला. मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. झिजलेला दाता शनिवारी बरा होऊन मंगळवारी परत झिजत नाही.

‘गाडी खाली घ्या,’ मी म्हणाले. ‘पुन्हा टेस्ट ड्राइव्ह.’

आमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे एमआयडीसीतला ठरलेला फेरा. रस्ता सिमेंटचा, सरळ, खड्डे नाहीत. गॅरेज सुरू झाल्यापासून प्रत्येक गाडी त्याच फेऱ्यावर जाते. त्या दिवशी नेमके दोन कंटेनर तोंडाला तोंड लावून अडकले होते, दोन्ही ड्रायव्हर चहा पीत होते. सायलीनं गाडी पालघरच्या रस्त्याला वळवली. मी मागच्या सीटवर जवळजवळ आडवी, एक कान सीटच्या खाचेत. या वयात हे शोभत नाही, पण धंद्याला लाज नसते.

सिमेंटवर घूंऽऽ चालू होतं. पुढे डांबर लागलं आणि आवाजाचा सूरच बदलला. मधे थोडं सिमेंट आलं, पहिला सूर परत. पुन्हा डांबर, पुन्हा दुसरा.

मी उठून बसले. डबा चाकांच्या मधे लटकलेला असतो. खाली सिमेंट आहे की डांबर, हे त्याला कसं कळणार? हे कळतं फक्त रस्त्याला टेकलेल्या वस्तूला.

‘सायली, गाडी बाजूला घे. न्यूट्रलला टाकून थांबव.’

न्यूट्रलमध्ये इंजिनाचा जोर दात्यांवरून उतरतो, मग दात्यांचा आवाज बदलायला हवा. गाडी थांबेपर्यंत आवाज तसाच होता, वेगाबरोबर फक्त उतरत गेला. हीच परीक्षा मी आधीही केली होती आणि तेव्हा मला फरक ‘ऐकू’ आला होता. ऐकायचंच ठरवलं की कान आज्ञाधारक होतात.

खाली उतरले, डिकीतून हवा मोजायचा गेज काढला, व्हॉल्व्हची टोपी फिरवली. पुढची दोन चाकं, तेहतीस. बरोबर. मागचं डावं, पंचावन्न. मला वाटलं गेज बिघडला. मागचं उजवं, पंचावन्न. चालून गरम झालेल्या टायरचे दोन-तीन सोडून दिले तरी बावन्न. दारावरच्या स्टिकरवर मागच्यांना पस्तीस लिहिलं होतं. गाडीतला हवेचा दिवा हवा कमी झाली तरच पेटायचा, जास्तीला तो गप्प.

मला हसू फुटलं. रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून मी हसत होते आणि सायली घाबरून विचारत होती, ‘काय झालं मॅडम?’

टायर हा गाडीचा जोडा. हवा बरोबर असेल तर तो थोडा दबतो, रस्त्याला रुंद टेकतो, बारीक थरथर स्वतःच गिळतो. दगडासारखा फुगवला की मधल्या पट्टीवर उभा राहतो. मग रस्त्याची प्रत्येक कणी तो वर पाठवतो, डिफरन्शियल जिथे टांगलेलं असतं तिथेच ती पोचते, आणि आवाज तिथूनच येतोय असं वाटतं. पकड कमी झाल्यामुळे वळणावर मागचं अंगही घसरतं. दोन तक्रारी, एकच कारण.

हवा सोडली. परत निघालो. घूंऽऽ गायब. वळणावर गाडी अशी बसली की सायलीनं तेच वळण तीनदा घेतलं. आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत गॅरेजला पोचलो.

आता प्रश्न उरला, हवा भरतं कोण? आमच्याकडे गाडी धुऊन झाली की धुणारा माणूस शेवटी हवा स्टिकरप्रमाणे करून देतो. म्हणून शनिवारी गाडी गप्प असायची. माझ्या तेलाचा काही संबंध नव्हता. तेवीस वर्षांचा कान, आणि हवा बघणं हे धुणाऱ्याचं काम म्हणून मी एकदाही वाकले नव्हते.

‘मंगळवारी गाडी कोण नेतं?’ मी विचारलं.

सायलीनं कपाळाला हात लावला. ‘बाबा. गॅरेजमधून आलेली गाडी मंगळवारी गावदेवीला दाखवून आणतात. नारळ फोडायला.’

राऊतकाका अर्ध्या तासात स्कूटरवरून आले. आयुष्यभर त्यांनी वाडीतली केळी आणि शहाळी टेम्पोनं बाजारात नेली.

‘काका, मागच्या चाकांत हवा तुम्ही भरता?’

‘मंग काय करू? देवीवरून येताना नाक्यावर थांबतो. मागं माल असतो, मागं कडकच हवा पायजे.’

‘या गाडीत माल नसतो हो.’

‘दोन घड केळी असतात कदी कदी.’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘तुमच्या तोंडावर बोलत नाय, पन तुमच्या ग्यारेजात कोनतरी हवा काढून घेतो. दर वेळी गाडी मऊ होऊन येते. मी कोनाला बोललो नाय. गरीब मानूस असेल.’

वर्तकसाहेब ऑफिसात गेले आणि दार लावून हसले. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

सायली मात्र हसली नाही. ‘बाबा, मी परवा सफाळ्याच्या वळणावर झाडावर गेले असते.’

काकांचा चेहरा उतरला. ‘पोर पोटची हाय माजी. टायर बसला वाटंत तर काय करेल, म्हनून भरायचो गं.’

मी त्यांना गाडीत बसवलं. आधी पस्तीसवर एक फेरा मारला, मग मुद्दाम बावन्न भरून एक. दुसऱ्या फेऱ्यात पहिल्याच वळणावर त्यांनी वरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं. ‘काढा,’ म्हणाले, ‘काढा ती हवा.’

जॉब कार्डवरची माझी ओळ मी खोडली आणि खाली ‘निदान चूक’ असं लिहून पुन्हा सही केली. सोपं नव्हतं, पण हलकं वाटलं.

रविवारी मी मैदानावर गेले. सायलीनं एकही शंकू न पाडता फेरी पूर्ण केली, शेवटच्या वळणावर तर गाडी रुळावर असल्यासारखी फिरली. मी ओरडले, घसा बसला. ती दुसरी आली. काकांनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘मॅडम, जराशी हवा असती ना, तर पयली आली असती.’

तेव्हापासून आवाजाची तक्रार घेऊन गाडी आली की मी आधी खाली वाकून चारही चाकांची हवा मोजते. कान लावते तो त्यानंतर. आणि मालकाला एवढंच विचारते, की ही गाडी घरात आणखी कोणाची लाडकी आहे.