आगोरावरची वाळू

लग्नाला चार वर्षं झाली तरी हरकू सासऱ्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. मारवाडातल्या वाळूच्या मुलखात रिवाजच तसा. सुनेनं छातीपर्यंत पदर ओढायचा, आणि काही सांगायचंच असेल तर सासूला सांगायचं. सासू जवळ नसली तर गाईला, उंटाला, नाहीतर सरळ खांबाला. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. यावरून ही बाई मुकी असेल असं कुणाला वाटलं, तर त्यानं तिच्या नवऱ्याला विचारावं. खेमाराम कानाला हात लावील!

हा खेमाराम सहा वर्षं दगडाच्या खाणीत धूळ खात होता. खोकला लागला तसा परत आला आणि बापाला म्हणाला, "माझा वाटा द्या, मी शेतातच घर करतो." सतरा माणसांच्या घरात त्याच्या वाट्याला आली गावापासून दोन कोसांवरची तीस बिघे जमीन. जमीन कसली! सात खेजडीची झाडं, बाकी वाळू आणि वारा.

"तिथं पाणी कोण पाजणार रे तुम्हाला? तुझा मामा?" आसूरामनं, म्हणजे त्याच्या बापानं, सगळ्या गल्लीदेखत विचारलं.

खेमारामचं डोकं फिरलं. "पाण्यासाठी तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही," म्हणाला. बोलून बसला. त्या मुलखात पाण्यावरून काढलेला शब्द मोडला, तर माणसाला मान वर करून हिंडता येत नाही.

तर ती दोघं निघाली. दोन शेळ्या, एक गाय, चार भांडी, बाजरीचं बी. दोघांनी मिळून मातीचं गोल खोपटं उभं केलं, वर गवताचं शाकार घातलं, भिंतींना हरकूनं शेण-मातीचा हात फिरवला. शेतातल्या अशा एकट्या वस्तीला तिकडे ढाणी म्हणतात. गोवऱ्यांची राख, शेळ्यांच्या लेंड्या, भांडी घासलेलं पाणी, काहीही वाया जाऊ द्यायची नाही ती. काकडीच्या वेलाला जे पाणी जायचं त्यानं आधी दोनदा काम केलेलं असायचं. आणि टाकं खणलं. बारा हात खोल, आतून चुन्यानं गिलावा केलेलं, वर घुमट. टाक्याभोवती आगोर, म्हणजे चोपून चोपून गुळगुळीत केलेलं उतरतं अंगण, पाऊस पडला की पाणी घरंगळत टाक्यात उतरायला. आगोरावर चपला घालून जायचं नाही, जनावर तर फिरकूही द्यायचं नाही. अहो, प्यायचं पाणी ते!

गेल्या भाद्रपदात एक शेवटची सर मिळाली होती. तेवढ्यावर दोघांनी, शेळ्यांनी आणि गाईनं दहा महिने काढले. बाजरी, मटकी, दोन पोती गवार आणि झाडाखाली रचून ठेवायला पुरतील इतकी कलिंगडं निघाली. हरकूला इतका अभिमान वाटायचा, की सकाळी उठून ती आधी नुसती दारात उभी राहायची आणि सगळ्यावरून एकदा नजर फिरवायची. माझं आहे हे, असं मनात म्हणायची, आणि मग शेळी सोडायची.

आणि घोडचूक केली तीही तिनंच.

गावच्या बकऱ्या आगोरावर यायला लागल्या म्हणून तिनं बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. नेमकं नैर्ऋत्येला, वाऱ्याच्या तोंडावर. तिचं माहेर खडकाळ माळावरचं. तिथं काट्यांचं कुंपण म्हणजे कुंपण, बस्स. वाळूच्या मुलखात काटे वाळू पकडतात, हे तिला कोण सांगणार? आसूरामनं सांगितलं होतं म्हणा, एकदा उंटावरून जाता जाता. "बीनणी, काटे उचल तिथून." सुनेला तिकडे बीनणी म्हणतात. हरकूला वाटलं, म्हातारा खोड काढतोय. तिनं उलट आणखी दोन भारे रचले.

ज्येष्ठात चार दिवस वादळ चाललं. पाचव्या दिवशी बघतात तर कुंपण गायब आणि त्या जागी छातीएवढा वाळूचा टिबा. आगोरावर गुडघाभर वाळू. आता ढग फुटले तरी सगळं पाणी ती वाळू पिणार, टाक्यात थेंब उतरणार नाही. टाक्यात पाणी राहिलं होतं पायाच्या घोट्याएवढं. टाकं भरलं नाही, तर खोपट्याला कडी लावून गावी परतायचं, नाक मुठीत धरून.

कुणाच्या उंटाला फळी जुंपून वाळू ओढता आली असती, पण उंट आगोरावर कसा न्यायचा? दोघं घमेल्यानं उपसायला लागली. सहा दिवसांत एक कोपरा दिसला. दुपारी वारा सुटला की तोही अर्धा भरायचा.

"ल्हास बोलवायला हवी," हरकू म्हणाली. ल्हास म्हणजे एका घराच्या कामाला सगळा गाव. मजुरी नाही, जेवण आणि पाणी त्या घराचं.

"ल्हास घरातला वडीलधारा बोलावतो. मी बापूंच्या दारात जाणार नाही."

"तुम्ही बसा तुमचा शब्द उराशी धरून. मी जाते."

"तू? आणि बोलशील कुणाशी? गाईशी?"

"गाईशी तर गाईशी!"

सकाळीच ती दोन कोस तुडवत सासरी पोचली. आसूराम अंगणात चातीवर बकरीच्या केसांची दोरी वळत बसला होता. सासू तुलछी ताक घुसळत होती. हरकूनं पदर ओढला आणि खुंट्याच्या पांढऱ्या गाईजवळ जाऊन उभी राहिली.

"धोळे," ती गाईला म्हणाली, "तुझ्या धन्याला सांग, आमच्या आगोरावर वाळू आलीय. ल्हास हवी."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "धोळे, तिला विचार, वाऱ्याच्या तोंडावर काटे कुणी लावले?"

"मी."

"मोठ्यानं बोलायला सांग. गाय म्हातारी झालीय, ऐकू येत नाही तिला."

"मी लावले! चूक माझी. तुम्ही सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, तीही माझीच." हे सगळं गाईच्या कानात. गाय बिचारी चघळतच होती. तुलछीनं हसू लपवायला पदर तोंडात कोंबला.

"आणि खेमा कुठाय?"

"वाळू उपसतायत. तळहातांची सालं निघालीत."

चाती थांबली. मग म्हातारा म्हणाला, "धोळे, तो तर म्हणाला होता, पाण्यासाठी या दारात पाऊल टाकणार नाही."

"त्यांनी टाकलेलं नाही," हरकू म्हणाली, "आणि मीही पाणी मागायला आले नाही. माणसं मागायला आले."

तुलछीची रवी जागीच थांबली.

आसूरामनं मिशीवरून हात फिरवला. "ल्हासेला लापशी लागते, तूप लागतं."

"तूप साठवलंय."

"चाळीस माणसं येतील. ज्येष्ठाचं ऊन. पाणी?"

"आहे."

"किती?"

"चाळीस माणसांना पुरेल एवढं," हरकू म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण त्या घोट्याएवढ्या पाण्यावर दोघांना महिना काढायचा होता, आणि ते एका दिवसात जाणार होतं. पाऊस लांबला तर संपलंच सगळं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला लोक आले. त्रेचाळीस! बायका गात गात आल्या, पुरुष टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून. सगळ्यांनी चपला खेजडीखाली काढल्या. पहिला काटा आसूरामनं उपटला. बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, पण भरलेली टोपली बाप द्यायचा ती लेकच घ्यायचा. रांग लावून टोपल्या हातोहात जायला लागल्या. म्हातारे ओरडत होते, "अरे खेमा, बायकोनं टिबा बांधला आणि आम्हाला उपसायला बोलावलं, वा रे वा!" खेमाराम दात काढत होता. हरकू चुलीशी होती, तिच्याही कानावर पडत होतं. पडू दे, म्हणाली. येऊन टोमणा मारणारा न येणाऱ्यापेक्षा बरा.

पण ऊन चढलं तसं तिच्या एक लक्षात आलं. माठ भरून ठेवलाय, लोटा घेऊन ती रांगेतून फिरतेय, आणि लोक "नको, नको, तहान नाही" म्हणतायत. ज्येष्ठात, वाळू उपसताना, तहान नाही? तिनं गावातून आलेल्या गाडीकडे बघितलं. गाडीच्या दांड्याला कापडी छागळी टांगलेल्या, ओल्याकच्च. एकेक जण हळूच जाऊन तिथं पिऊन येत होता. आसूरामनंच सगळ्यांना बजावलं होतं, आपापलं पाणी घेऊन चला, पोरीचं संपवू नका.

हरकूच्या अंगाची लाहीलाही झाली. दया दाखवतात? माझ्या दारात येऊन आपल्या घरचं पाणी पितात? आसूराम छागळ तोंडाला लावायला उचलतच होता, तेवढ्यात ती लोटा घेऊन थेट त्याच्यासमोर उभी राहिली. मध्ये गाय नव्हती, सासू नव्हती.

"बापूजी," ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ती छागळ ठेवा खाली. माझ्या ढाणीवर आलात, माझं पाणी प्यायचं."

टोपल्या थांबल्या. तुलछीनं कपाळावर हात मारला. हरकूनं लोटा पुढे धरला.

म्हाताऱ्यानं छागळ दांड्याला परत अडकवली, तिथंच उकिडवा बसला आणि हनुवटीखाली ओंजळ धरली. हरकूनं धार धरली. तो प्याला. पुन्हा ओंजळ पुढे केली. "ओत," म्हणाला. "गोड आहे." मग सगळे प्याले. संध्याकाळी आगोर ताटासारखा स्वच्छ झाला, आणि टाक्यात बादली टाकली तर ती तळावर खणकन वाजली.

लोक गेल्यावर खेमाराम हसत आला. खेजडीला नऊ भरलेल्या छागळी टांगलेल्या होत्या. "विसरले म्हणे! नऊच्या नऊ जण एकदम विसरले."

"तुमच्या आईचं काम हे," हरकू म्हणाली. बोलता बोलता रडायलाच लागली. "विसरलेलं वापरायला लाज कसली? काढा खाली."

त्या छागळींवर अकरा दिवस निघाले. जनावरांना आधी, मग माणसांना. बाराव्या दिवशी दुपारी अर्धा तास पाऊस पडला. आगोरावरून पाणी सरसरत टाक्याच्या तोंडात शिरत होतं आणि दोघं खोपट्याच्या दारातून बघत होती, भिजायलाही बाहेर आली नाहीत, आपल्या पायांची माती आत जाईल म्हणून. दोरी टाकून बघितलं तर पाच हात पाणी.

श्रावणात आसूराम आला. बोलावलं कुणी नव्हतं. खेजडीखाली खाट ओढून बसला, लेकाच्या हातची चिलीम घेतली. इतक्यात उंटावरून एक अनोळखी मेंढपाळ आला आणि यजमान समजून म्हाताऱ्यालाच विचारायला लागला, "बाबा, ढाणी कुणाची ही?"

त्या मुलखात ढाणीला वसवणाऱ्या पुरुषाचं नाव पडतं. दहा कोसांत बाईच्या नावाची एक ढाणी नाही.

"हरकूची," आसूराम म्हणाला. चिलमीचा झुरका घेऊन त्यानं लेकाकडे बोट केलं. "हा माझा मुलगा. हाही इथंच राहतो. उतर खाली, पाणी पिऊन जा."