बनूबाईच्या शेवाळाच्या गोळ्या

बेलवलीला आमच्या बिल्डिंगखाली बनूबाई भाजी घेऊन बसते. वांगणीच्या पलीकडची. घरचं भाताचं शेत, नवरा बाळाजी, आणि जीभ अशी की भाव करणारं गिऱ्हाईक आधी दहादा विचार करतं. पण गेल्या थंडीत ती जीभच थकली. आमच्या पायरीवर टेकायची अन् म्हणायची, "आजी, पाटी उचलायला कुनी बगा. हातात जीव नाय माज्या."

गर्भपिशवीला गाठी झाल्या होत्या. अंगावरून फार जायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, पण रक्त सातावर आलंय. दहाच्या वर आणा, मग तारीख देते. लोहाच्या गोळ्याही दिल्या.

"आनते की," बनूबाई म्हणाली. "मरायला येळ कुनाला हाय?"

तिचा भाचा कमलेश उल्हासनगरला औषधाच्या दुकानात कामाला. तो हिरव्या गोळ्यांची बाटली घेऊन आला. "आत्या, ही स्पिरुलिना. पाण्यातलं शेवाळ. प्रोटीन, आयर्न, सगळं एका गोळीत. एकदम बेस्ट चीज!"

"मेल्या, इहिरीच्या शेवाळावरनं घसरून माज्या सासूचा खुबा मोडला. तेच मला चारतोस?"

"ते वेगळं गं. हे टाकीत पिकवतात."

"भातासारखं?"

"तसंच समज."

पिकवतात म्हटल्यावर तिचा विश्वास बसला. रोज नेमाने खायची. मलाही एक चाखायला दिली. वास असा, की आमची मांजर दिवसभर माझा हात सोडीना.

उन्हाळ्यात पुन्हा तपासणी झाली. मी सोबत गेले होते. रक्त जागचं हललं नव्हतं.

"लोहाच्या गोळ्या घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बनूबाई पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "बंद केल्या. त्या गरम पडतात, बाई. आदीच अंगावरनं जातंय, त्यात उष्ण खाल्लं तर काय व्हईल? ही पान्यातली. थंड."

आम्हा बायकांत औषधाला पहिला प्रश्न हाच असतो, गरम की थंड. गुण येतो का, ते मागाहून.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लोहाने अंगावरून जाणं वाढत नाही. शेवाळ चांगल्या कंपनीचं असेल तर खा. त्यात थोडं लोह असतं, फायदा होतही असेल. त्यावर लहान लहान अभ्यास झालेत, पण खात्रीने कुणी सांगत नाही. सातावरून दहावर नेणं त्याच्या एकट्याच्यानं व्हायचं नाही. लोहाची गोळी हवीच. आणि त्या गोळीवर चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी घ्या."

"चहा नको?" ऑपरेशन ऐकून पडलं नव्हतं इतकं तोंड पडलं तिचं.

पण बाईने केलं. सकाळी गोळी अन् लिंबूपाणी, चहा थेट दुपारी. शेजारची भाजीवाली मोतीबाई मुद्दाम तिच्यासमोर फुर्र करून कप ओढायची. बनूबाई तोंड फिरवून मेथी निवडायची, पण हात कपाला लावला नाही.

मग एकदाचं रक्त दहाच्या वर गेलं. कमलेश म्हणाला, शेवाळाचा गुण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोहाचा. बाळाजी म्हणाला, मी कलेजी आणत होतो तिचा.

"तुमी भांडत बसा," बनूबाई म्हणाली. "रगात माजं हाय. तारीख द्या."

तारीख आली ती नेमकी भातलावणीच्या दिवसांत. बाळाजी घाबरला. "दिवाळीनंतर घे की गं. लावनीला तू नाय तर कसं व्हायचं?"

"दिवाळीपर्यंत हे समदं रगात परत गळून जाईल. मंग काय, पुन्ना सातापास्नं चढू? इतकी वर्सं मी वाकले. औंदा तू वाक."

 

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात मी बसले होते. बाळाजी शेतात चिखलात उभा, अन् मदतीला कमलेश, दुकानातून सुट्टी काढून आलेला. मध्येच त्याचा फोन आला. "आजी, आत्याला आत नेलं काय?"

"नेलं," म्हटलं. "तू भाताचं आवण नीट लाव. शुद्धीवर आली की आधी तेच विचारेल."