पानाखालचा हात

माझे पती निवृत्त झाल्यावर बारीक माश्यांचे फोटो काढू लागले. आठवड्यातून दोनदा सकाळी तुलसी नगरहून स्कूटरने केरवा धरणाकडे जायचे. फोटो एका संकेतस्थळावर टाकायचे, तिथले जाणकार नाव सांगायचे आणि हे ते वहीत उतरवून घ्यायचे.

"अहो, माशी ती माशी. तिचं नाव कळून काय करायचंय?"

"तुला फडक्याने मारायच्या तेवढ्याच ठाऊक," हे म्हणायचे. "ही हिरवी बघ. सोनाराच्या काचेत ठेवली तर खपून जाईल."

फेब्रुवारीत हे गेले. वहीतल्या शेवटच्या नोंदीपुढे नावाची जागा कोरी राहिली होती. ती भरावी, एवढं एकच काम मला त्या दिवसांत करावंसं वाटत होतं.

यांच्या फोनमध्ये तो फोटो सापडला. पानावर लांब पायांची हिरवी माशी, आणि पान हलू नये म्हणून ते खालून धरलेली यांच्या डाव्या हाताची बोटं. मी फोटोतली बोटं कापली आणि फक्त माशी त्या संकेतस्थळावर पाठवली. तो हात अनोळखी माणसांनी पाहावा, असं मला वाटेना.

दोन दिवसांनी एका जाणकाराने विचारलं, माशी केवढी आहे? सारख्या दिसणाऱ्या दोन गटांपैकी हिचा कोणता, ते मापाशिवाय सांगता येत नाही.

मुलगी शेजारीच बसली होती. "अरे यार आई, क्रॉप कशाला केलंस? पूरा फोटो टाक ना. बाबांची अंगठी माशीच्या बाजूलाच आहे. तिची रुंदी मोजली की झालं."

"अंगठी पाकिटात आहे."

"माहितेय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

ते पाकीट रुग्णालयातून मिळालं होतं. चष्मा, घड्याळ, अंगठी. मी ते साड्यांखाली ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. त्या दुपारी उघडलं. अंगठीच्या आत साबण सुकून बसला होता. हात धुताना हे ती कधी काढत नसत, आणि त्यावरून मी यांना पुष्कळ बोललेली आहे. साबण तसाच ठेवला. मुलीच्या जुन्या फूटपट्टीवर रुंदी चार मिलिमीटर भरली. फोटोतली माशी त्याहून किंचित लांब होती.

पूर्ण फोटो आणि माप पाठवलं. उत्तर आलं, की आता गट नक्की झाला. पण त्यापुढचं नाव पंखांच्या शिरा दिसल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. खाली आणखी एक ओळ होती: पान हाताने धरलंत ते बरं केलंत, फोटो हलला नाही.

हात माझ्या पतींचा आहे, असं मी त्यांना कळवलं. बाकी काही लिहिलं नाही.

मग वहीत गटाचं नाव लिहिलं. पुढचं नाव कळलं नाही, तर हे तिथे एक आडवी रेघ ओढून मोकळे होत. पट्टी हाताशीच होती. मीही ओढली.