राखसाहेबांचा समुद्र

राखसाहेब आमच्याकडे आले की चहा नव्हे, बंबातली राख मागत. चिमटीत चोळून म्हणत, "वहिनी, एवढी राख! ज्या जंगलाचा हा कोळसा झाला, तिथे नदी सतत गाळ टाकून जात असणार." ठाण्याच्या चाळीत ते आमचे शेजारी. गिरणीत कोळसा तपासायचं त्यांचं काम, आणि आमचे हे तिथेच कोळशाच्या ढिगावर मुकादम.

दगडी कोळशाचा तुकडा हाती आला की त्यांचं बोलणं थांबत नसे. चकाकती रेघ म्हणजे दलदलीत बुडून राहिलेलं लाकूड, हात काळे करणारा थर म्हणजे वणवा. लाखो वर्षांपूर्वीचं सगळं पाठ, पण बायकोने सकाळी सांगितलेली कोथिंबीर हमखास विसरणार!

डब्याच्या पिशवीतून हे कधीमधी चार तुकडे घरी आणत. चोरीच ती, पण मला तेव्हा तसं वाटत नसे. एकदा त्यात सोनेरी कण चमकले, म्हणून मी कौतुकाने राखसाहेबांना दाखवायला गेले. त्यांनी एक तुकडा बंबात टाकला. फटाक्यासारखा उग्र वास सुटला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा आपला नेहमीचा कोळसा नव्हे. याच्या दलदलीत समुद्र शिरला होता, त्या पाण्याने गंधक आलाय. असा माल ढिगात आतल्या आत तापतो, पेट घेतो. कुठून आणलात?"

खरं सांगावं तर ह्यांची नोकरी जाणार, आणि गप्प बसावं तर त्याच ढिगावर हे दिवसभर उभे. "भाऊजी, ह्यांचं नाव नका हो घेऊ," एवढंच मी म्हटलं. त्यांनी उरलेला तुकडा सकाळी गिरणीत न्यायला रुमालात बांधला. दुसऱ्या दिवशी हे घरी येईपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही.

झालेलं सगळं ह्यांनीच सांगितलं. राखसाहेबांनी ढीग उपसा म्हटल्यावर मॅनेजर उखडले. रेल्वेच्या तपासलेल्या वाघिणींत तसा कोळसा नव्हता, मग हा तुकडा आला कुठून? राखसाहेब म्हणाले, "मीच ढिगातून घरी नेला होता." मग त्यांनी ढिगात लोखंडी सळई खुपसली. थोड्या वेळाने ओढली तर हातात धरवेना. ढीग उपसला तेव्हा आतून धूर निघत होता. माल पसरून थंड केला, कुणाला इजा झाली नाही. पण चोरी ती चोरी, म्हणून राखसाहेबांना राजीनामा द्यायला लावला.

ते ठाणं सोडून निघाले तेव्हा सगळी चाळ गॅलरीत उभी होती. टांग्यात ट्रंक चढवून ते मला म्हणाले, "वहिनी, ह्यांना आठवडाभर जपून राहायला सांगा. ढिगाच्या खालच्या थरात अजून ऊब असेल."

टांगा हलला. मागून कुणीतरी "कोळसाचोर" म्हणालं. हे माझ्या शेजारी मान खाली घालून उभे होते, आणि मीही तोंड उघडलं नाही.